अमेरिकेत किमान वेतन कायद्याने ठरलेलं असताना राज्याराज्यांत इतका फरक कसा?

केंद्राचा दर ताशी ७.२५ डॉलर, तोही २००९ पासून जागचा हललेला नाही. पण तो तळ आहे, छत नाही. राज्यं त्यावर कितीही वाढवू शकतात आणि कामगाराला जास्त असेल तो दर लागू होतो. टेक्सास, पेनसिल्व्हेनिया ७.२५ वरच अडलेत. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात १६.५०, वॉशिंग्टन राज्यात १६.६६. गंमत म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहरातून नदीवरचा पूल ओलांडून शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेलात की दर दुपटीहून जास्त!

हॉटेलात वेटरचं काम बघत असाल तर जरा जपून. टिपवाल्या कामाला मालकाने स्वतः द्यायचा केंद्राचा किमान दर फक्त ताशी २.१३ डॉलर आहे. टिप धरूनही ७.२५ भरले नाहीत, तर उरलेले मालकाने द्यायचे. कॅलिफोर्नियात मात्र पूर्ण दर मिळतो, टिप वेगळी.