पी-एलिमेंटचं झाड प्रजातींच्या झाडाशी जुळत नाही, चुकलं कुठे?

तुमच्या वंशवृक्षात ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीचा पी-एलिमेंट (जीनोममध्ये जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) थेट विलिस्टोनी या दुसऱ्या फळमाशीच्या मांडीवर बसलाय आणि तुम्ही विचारताय, सॉफ्टवेअर बदलू का? नका बदलू. झाड बरोबर आहे: हा तुकडा वारशाने नाही, एका प्रजातीतून दुसरीत उडी मारून आलाय. "प्रजातींशी जुळत नाही, पुन्हा अलाइन करा (क्रम एकाखाली एक लावा)" असा शेरा मारणारे अजून आहेत, त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

या दोन माश्या साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तरी २९०७ बेसच्या पी-एलिमेंटमध्ये दोघींत फरक निघाला एका बेसचा (डॅनियल्स आणि सहकारी, १९९०). त्याच माश्यांचं एडीएच हे नेहमीचं, वारशाने येणारं जनुक कोडॉननुसार लावून डीएस (प्रथिन न बदलणाऱ्या, म्हणजे सायलेंट, बदलांचं प्रमाण) काढा. तिथे सायलेंट जागा भरपूर बदललेल्या दिसतील. वारशाने आलेला तुकडा असा कोरा राहत नाही. शिवाय कॅन्टन-एस, ओरेगॉन-आर या जुन्या प्रयोगशाळेतल्या वाणांत तो नाहीच, रानातल्या माश्यांत आहे. म्हणजे पाहुणा विसाव्या शतकातला. पी वाणाचा (पी-एलिमेंट असलेला) नर कॅन्टन-एस मादीला लावून पिल्लं २९ अंशांवर वाढवा, मुलींचे अंडाशय सुकलेले निघतात. उलट संकरात असं होत नाही, कारण पी आई अंड्यातूनच पायआरएनए (हा तुकडा दाबून ठेवणारे छोटे आरएनए) देते.

आता खरी गोम. सगळा पुरावा एका बेसवर तोललेला असेल, तर साधा टॅक (पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम) वापरून ३० चक्रं चालवलेल्या एकेका क्लोनमध्ये एखाद-दोन चुका सहज असतात. चुका स्वतःच सुधारणारं प्रूफरीडिंग एन्झाइम घ्या, तीन स्वतंत्र पीसीआर करा. केपीसारख्या आतून कापलेल्या पी-एलिमेंटच्या प्रती झाडात घालू नका. बाटल्यांत माश्यांची सरमिसळ झाली नाही ना, हे इन्व्हर्स पीसीआरने (तुकड्याच्या बाजूचा डीएनए वाचायची पद्धत) बघा: साउ३एआय या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापून लायगेशन (टोकं जोडणं) पातळ ठेवा, नाहीतर परके तुकडे एकमेकांना चिकटतात. बाजूचा डीएनए यजमान माशीचाच हवा आणि दोन्ही टोकांना ८ बेसची पुनरावृत्ती हवी. सिम्युलन्स या आणखी एका फळमाशीत पी-एलिमेंट अलीकडेच शिरलाय, तेव्हा माशी पकडल्याचं साल लेबलवर लिहा.

सॉफ्टवेअरचंच म्हणाल तर अलाइनमेंटला मॅफ्ट आणि झाडाला आयक्यू-ट्री पुरे. आणि हो, न जुळणारं प्रत्येक झाड म्हणजे उडी नव्हे. जुन्या प्रतींपैकी एका माशीत एक उरली, दुसरीत दुसरी, तरी झाड असंच वाकडं दिसतं. तिथे डीएस मात्र यजमान जनुकांइतका किंवा जास्तच निघतो. रायबोसोमच्या २८एस जनुकात बसणारे आर१, आर२ हे जागा बदलणारे तुकडे तर निमूट प्रजातींच्याच मागे चालतात, त्यांचं झाड वाकडं आलं तर मात्र खुशाल अलाइनमेंट तपासा.