लहान नवा फ्लॅट, हातात पैसे कमी : आधी काय करावं आणि काय थांबवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वन बीएचके नुकताच ताब्यात आलाय, राहणार तुम्ही दोघं आणि आई, हप्ते सुरू झाल्यामुळे हातात फारसं उरलेलं नाही. कंत्राटदार म्हणतोय की फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, वॉर्डरोब, किचन सगळं पॅकेजमध्ये एकदमच उरकून घ्या, नंतर महाग पडेल. तर घ्यावं का?

नका घेऊ. किचन, दिवे-सॉकेट आणि झोपायची सोय एवढं करून राहायला जा, बाकीचं चार-सहा महिन्यांनी बघा. मी फर्निचरच्या कामांची कोटेशनं बनवतो, त्यामुळे ‘एकदम केलं तर स्वस्त’ हे कुठून येतं ते मला ठाऊक आहे. सुतार एकदा साइटवर आला की त्याच्याकडून जितकं जास्त काम निघेल तितकं कंत्राटदाराला परवडतं. तुम्हाला मिळणारी सूट मात्र बहुतेक वेळा अशा वस्तूंवर असते, ज्यातल्या निम्म्या तुम्ही स्वतःहून मागितल्याच नसत्या.

काय आता आणि काय नंतर, हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो : पुढे ही गोष्ट करायची झाली तर फोडाफोड करावी लागेल का? लागणार असेल तर पैसे ओढून-ताणून आत्ताच घाला. टीव्ही युनिट कधीही होतं. बेडच्या उशाशी सॉकेट नंतर हवं झालं, तर रंगवलेली भिंत खोदावी लागते.

म्हणून वायरिंग पहिलं. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट कुठे येणार हे आधी ठरवा आणि मग इलेक्ट्रिशियनला बोलवा, उलट नको. ओट्यावर तुम्हाला वाटतात त्याहून दोन सॉकेट जास्त घ्या. गिझर, ओव्हन, वॉशिंग मशीन यांना स्वतंत्र पॉइंट हवेत, एक्स्टेंशन बोर्डावर ही मंडळी चालवू नयेत. पण छिन्नी लावण्याआधी भिंत कसली आहे ते बिल्डरकडून लेखी घ्या. हल्लीच्या बऱ्याच इमारतींत अॅल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओततात. त्या भिंती इमारतीचा भार पेलत असतात, त्यात झिरी मारायची नाही. तिथे वरून केसिंग पट्टी (वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी) फिरवा. दिसायला जरा कमी, पण डोक्यावरचं छप्पर शाबूत. जिथे वायर भिंतीतून जाईल, तिथे गिलावा होण्यापूर्वी मेजरिंग टेप भिंतीला लावून फोटो काढून ठेवा. पुढे पडद्याचा रॉड बसवताना ड्रिल कुठे चालवायचं नाही, ते त्या फोटोत दिसेल.

पाण्याचं काम त्याच्या मागोमाग. तपासणी मात्र वायरिंगच्याही आधी, तुमचा एक रुपयाही घालण्यापूर्वी करा, कारण तुमचे कारागीर आत शिरले की बिल्डर प्रत्येक दोष त्यांच्या नावावर घालतो. बाथरूमची जाळी बंद करून चार बोटं पाणी 24 तास साठवा आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना छत बघायला सांगा. मग पाणी सोडून ते कुठे थबकतं ते पाहा. फरश्यांवर एखादं नाणं घेऊन ठोकत जा, विशेषतः कोपऱ्यांवर. नीट बसलेली फरशी टणक वाजते, खाली माल न भरलेली पोकळ वाजते. तशा फरश्यांवर खडूने फुली मारा, फोटो काढा, यादी करून बिल्डरला द्या आणि पोच घ्या. हे सगळं एका शनिवार-रविवारात होतं, आणि तरी फार थोडे लोक करतात.

रंगाचं थोडक्यात सांगतो. नव्या बांधकामातला ओलावा निघायला बराच काळ लागतो आणि सुरुवातीच्या वर्षभरात गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगा पडणं नेहमीचंच आहे. तेव्हा महागडा रंग, टेक्स्चर, वॉलपेपर यातलं काहीही आत्ता नको. बिल्डरचा पांढरा रंग वर्षभर चालू दे.

आता मापं. लहान घरात सगळा खेळ इंचांचा असतो, म्हणून यावर जरा रेंगाळतो. समजा बेडरूम दहा फूट रुंद आहे. कपाट दोन फूट खोल, पलंग पाच फूट रुंद, उरले तीन फूट. हे तीन फूट दोन्ही बाजूंना दीड-दीड वाटलेत, तर दीड फुटी पल्ला उघडताना पलंगाला घासेल आणि कपडे काढणाऱ्याला आडवं होऊन उभं राहावं लागेल. त्यापेक्षा पलंग सरळ भिंतीला लावा आणि तीनही फूट कपाटापुढे ठेवा. एकाला दुसऱ्याला ओलांडून उठावं लागेल, पण रोज सकाळी कपाटाशी कुस्ती होणार नाही. सरकत्या दारांनी हा प्रश्न सुटतो असं सांगतील. सुटतो, पण दारं एकापुढे एक धावतात म्हणून तीन-चार इंच खोली खातात आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. हे सगळं कागदावर कळत नाही. जुनी वर्तमानपत्रं पलंग-कपाटाच्या मापात जोडून जमिनीवर पसरा आणि दोघांनी त्यांच्यामधून चालून बघा. सोफा घेणार असाल तर आधी लिफ्ट, जिन्याचं वळण आणि मुख्य दार मोजा.

आई हॉलमध्ये झोपणार असतील, असं धरून चालतो. त्यांच्यासाठी सोफा-कम-बेड घेऊ नका. रोज रात्री तो ओढून उघडायचा आणि सकाळी मिटायचा, हे काम महिन्याभरात कुणीच करत नाही, मग तो कायमचा उघडा राहतो आणि हॉल अडतो. साधा दिवाण घ्या, गादीसकट सतरा-अठरा इंच उंचीचा, म्हणजे उठताना गुडघ्यांवर जोर येणार नाही. खाली खेचायचे ड्रॉवर. गादी उचलून उघडायचा हायड्रॉलिक कप्पा जास्त सामान घेतो खरा, पण त्यांना एकटीला तो उघडता येणार आहे का, हे आधी बघा.

कोटेशनबद्दल माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कपाटाचा दर बहुतेक वेळा समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर लावतात, म्हणजे रुंदी गुणिले उंची. कपाट किती खोल आहे, ते त्यात येतच नाही. त्यामुळे एक फूट खोल चपलांचं कपाट आणि दोन फूट खोल वॉर्डरोब यांचा दर तोच निघतो, जरी पहिल्यात माल कितीतरी कमी लागतो. उथळ कपाटं म्हणूनच पॅकेजमध्ये आग्रहाने घातलेली असतात. ती बाजारातून तयार घ्या. दुसरं असं, की समोरचा दर ठरला की आतला माल कमी करून पैसे वाचवले जातात : पाठीची फळी पातळ, आतल्या बाजूला लॅमिनेट नाही, ड्रॉवर ज्यांवर सरकतो ते चॅनेल हलके. त्यामुळे प्लायची जाडी, पाठीची जाडी, आतलं फिनिश, बिजागरी आणि चॅनेलची कंपनी, ड्रॉवर किती, हे सगळं कोटेशनमध्ये लिहून मागा. जो लिहून द्यायला कां-कू करतो, त्याचा दर कितीही कमी असो, तो सोडा.

कपाट किती खोल हवं, हे मोजूनमापून ठरवा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा येतो. कपाट 24 इंच खोल ठेवलं, करवतीच्या पात्याचा घास सोडून, तर एका तावातून बाजूच्या दोन पट्ट्या निघतात. हौसेने 26 इंच केलं की एकच निघते आणि उरलेला तुकडा निम्मा वाया जातो. हँगरला 24 इंच पुरतात.

प्लाय सगळीकडे भारी घालायची गरज नाही. सिंकखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशी पाण्यात टिकणारा घ्या. पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीची) कड एकदा भिजली की फुगते आणि मग त्यात स्क्रू धरत नाही, पण कोरड्या खोलीत, हलक्या वजनाच्या कपाटाला तो चालून जातो. पैसे वाचवू नका ते गादी, नळ आणि चॅनेल-बिजागऱ्यांवर. जेवणाचं टेबल, खुर्च्या, पुस्तकांचं कपाट हे वापरलेलं घ्यायला अजिबात लाजू नका. जुन्या घन लाकडाच्या टेबलाला पॉलिश मारलं की ते नव्या बोर्डाच्या टेबलापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. गादी मात्र वापरलेली नको.

फॉल्स सीलिंग माझ्या मते लहान घरात पैसे घालवायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. उंची चार-सहा इंच कमी होते आणि पुढे गळती झाली तरी ती उशिरा दिसते. हॉलमध्ये 3000 केल्विनचे (पिवळसर उजेडाचे), ओट्यावर 4000 चे (जरा पांढऱ्या उजेडाचे) साधे एलईडी लावा, आणि दोन-तीन वेगळ्या स्विचवर विभागा. तेवढं पुरतं.

कंत्राटदाराशी बोलताना पैसे टप्प्यांनी ठरवा आणि शेवटचा दहावा हिस्सा हातात ठेवा. तो काम संपलं की लगेच देऊ नका, ड्रॉवरमध्ये भांडी भरून पंधरा दिवस वापरल्यावर द्या. एकूण रकमेच्या दहा ते पंधरा टक्के अचानक निघणाऱ्या खर्चासाठी बाजूला असू द्या, कारण तो निघतोच. आणि फरशी बदलणार असाल, तर त्याच बॅचची एक पेटी जास्त घेऊन माळ्यावर टाका. पुढच्या खेपेला तीच छटा मिळेलच असं नाही.