वाचाळवीर नव्हे, वाचिवीर

नागपुरातल्या धरमपेठेतल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीवर मराठीत टिपण लिहिते आहे, हा राजा बोलण्याच्या जोरावर लढाया मारतो, तर त्याला 'वाचाळवीर' म्हणू का?

नको गं बाई! बातम्यांनी हा शब्द इतका गुळगुळीत केलाय की परवा बर्डीवरच्या एका कार्यक्रमात निवेदकाने पाहुण्यांचा परिचयच 'वाचाळवीर वक्ते' असा करून दिला. पाहुणे बिचारे हसले.

तुला हवा तो 'वाचिवीर'. वाचि म्हणजे वाणीत. समासात विभक्ती गळून पडते, इथे सप्तमी शाबूत आहे. 'युधिष्ठिर' तसाच, युधि म्हणजे युद्धात स्थिर. 'गेहेशूर' तर सख्खा भाऊ: घरातल्या घरात शूर!

आता माझा तर्क. हा शब्द भवभूतीकडून आला असावा. भवभूती म्हणजे संस्कृत नाटककार, आपला वैदर्भी, पद्मपूरचा; संशोधक वा. वि. मिराशींनी ते गाव आमगावजवळ दाखवून दिलं. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकात लव म्हणतो, 'सिद्धं ह्येतद् वाचि वीर्यं द्विजानाम्', ब्राह्मणांचं शौर्य वाणीत, क्षत्रियांचं बाहूंत; मग परशुरामाला नमवलं यात रामाचं कौतुक ते काय? म्हणजे टोमणा शब्दाच्या जन्मापासूनच चिकटलेला. म्हणून आज वाचिवीर म्हटलं की नुसता तोंडाचा शूर डोळ्यांपुढे येतो.

यावर आमचे एक संस्कृतचे सर म्हणतात, काव्यशास्त्राच्या वीररसात वीर चारच: दान, धर्म, दया, युद्ध. पाचवा काढू नका. हे चार सांगणाऱ्या 'साहित्यदर्पण' या काव्यशास्त्राच्या ग्रंथानंतर सरांनी पुस्तक उघडलं नसावं. जगन्नाथ पंडिताने 'रसगंगाधरा'त पांडित्यवीरसुद्धा मोजलाय, आणि तो साक्षात वाचस्पतीला, वाणीच्या देवाला, वादाचं आव्हान देतो.

हां, हेन्री. वेढा घातलेल्या हार्फ्लर या फ्रेंच शहराच्या वेशीपाशी तो सुभेदाराला बजावतो, माझे सैनिक एकदा मोकाट सुटले की मलाही आवरायचे नाहीत. दार उघडतं. (फ्रेंच युवराजाची कुमक येत नव्हती, हेही खरं.) आणि आत शिरायच्या आधीच राजा काकाकडे कबूल करतो की हिवाळा तोंडावर आलाय, सैन्यात आजार वाढतोय, आपण मागे, इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले बंदराकडे वळू. त्या धमकीमागे काय उरलं होतं, बघ!

'वाचाळवीर' वापरायचाच असेल तर त्याच नाटकात पिस्टल नावाचा बढाईखोर शिपाई आहे. अजिनकोर्टच्या लढाईच्या धुमश्चक्रीत तो नुसत्या आरड्याओरड्यावर एक फ्रेंच सैनिक पकडतो आणि त्याचाच पोऱ्या मागून म्हणतो, रिकाम्या भांड्याचा आवाज मोठा.