पिकअपवर रूफटॉप तंबू बसवायचाय: केबिनवर की हौद्यावर?

तुम्ही विचारलंय की पिकअपसाठी हार्डशेल म्हणजे कडक कवचाचा तंबू घ्यावा की सॉफ्टशेल म्हणजे कापडी घडीचा, आणि हौदा आखूड पडत असेल तर पुढचा बार केबिनच्या छतावर आणि मागचा हौद्याच्या रॅकवर असा आधार दिला तर चालेल का.

पहिल्या प्रश्नाकडे जमेल तसा येतो. दुसऱ्याचं उत्तर आधी घ्या: चालणार नाही. कुणी काहीही सांगो, हे करू नका.

हा प्रयोग आमच्या गाडीवर झालेला आहे. डोकं आमच्या दाजींचं, गाडी माझी. दाजी माणूस हुशार, हाताला वळण आहे, पण एकदा पाना त्यांच्या हातात गेला की आपण फक्त नट धरायचे. मी घेतलेला हार्डशेल २१० सेंटीमीटर लांब, सत्तर किलोचा. गाडी डबल केबिनची, म्हणजे हौदा जेमतेम दीड मीटर. मी म्हणत होतो की रॅक थोडा उंच करू, सगळा भार हौद्यावर घेऊ आणि पुढचं टोक केबिनवर अधांतरी राहू दे. दाजी म्हणाले, "एवढा तंबू अधांतरी ठेवतोस? केबिनला छत काय शोभेला दिलंय का?" मी म्हणालो, "दाजी, केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात." त्यावर ते नुसते हसले. दाजींशी फार ताणलं की ताईचा फोन येतो, म्हणून मी गप्प बसलो. ती माझी चूक.

पहिले दोन दिवस दगडाळ रस्त्यावर डोक्यावरून कर्र कर्र आवाज येत होता. दाजी म्हणाले, नवं आहे, बसेल. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास मी कूस बदलली आणि खांद्याखाली टक् झालं, वाळकी काटकी मोडावी तसं. माझ्या बाजूची जमीन दोन बोटं खाली गेली. टॉर्च घेऊन शिडीवरून वाकून बघितलं तर पुढच्या डाव्या ब्रॅकेटचा बोल्ट नाहीसा, तंबूच्या बुडाखालच्या ॲल्युमिनियम चॅनेलचा ओठ पत्र्याचा डबा उघडावा तसा वर उचकटलेला, आणि बारच्या पायाखाली केबिनच्या छताला बशीएवढा खड्डा. उरलेली रात्र आम्ही दोघांनी पुढच्या सीटवर बसून काढली. दाजी एक शब्द बोलले नाहीत. असं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

सकाळी मात्र त्यांचा निकाल तयार होता: "बोल्ट हलके होते. ८.८ ग्रेडचे, जास्त ताकदीचे हवे होते."

गेली चार वर्षं प्रत्येक कार्यक्रमात मी हे वाक्य ऐकतोय, म्हणून इथे सविस्तर लिहितो. बोल्टचा अर्धा तुकडा मला हौद्यात सापडला. त्याच्या तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग मळकट आणि काळपट होता, कडेला एक पातळ चंद्रकोर तेवढी चकचकीत. धातू असा दिसतो तेव्हा तो एका झटक्यात गेलेला नसतो. बारीक चीर पडून ती वाढत जाते, आतल्या फटीत घाण शिरते आणि शेवटी उरलेली काडी मोडते. दोन दिवसांची ती कर्र कर्र म्हणजे हेच. माझ्या हालचालीने फक्त शेवटची काडी मोडली. समजा, तिथे जाड किंवा जास्त कणखर बोल्ट असता. मग चॅनेल आणखी फाटला असता, नाहीतर छताचा पत्रा. ओढाताण कुठेतरी निघणारच होती. मला विचाराल तर बोल्ट गेला म्हणून छत बशीवर निभावलं, नाहीतर ताट झालं असतं.

ओढाताण कशाची, ते सांगतो. बहुतेक पिकअपची चासी शिडीसारखी असते. तिच्यावर केबिन रबरी माउंटवर बसते आणि हौदा वेगळा बसतो. पुढचं एक चाक दगडावर आणि त्याच बाजूचं मागचं खड्ड्यात गेलं की चासी पिळते, आणि केबिन एकीकडे, हौदा दुसरीकडे कलतो. दोघांमध्ये ती फट त्यासाठीच सोडलेली असते. हार्डशेलचं बूड कडक. ते दोन्हीला बांधलं म्हणजे तंबूचे दोन दगडांवर पाय. घरी आल्यावर मी मोजून बघितलं. सपाटीवर माझ्या गाडीची ती फट वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी ३८ मिलीमीटर. पुढचं डावं चाक रचलेल्या दगडांवर चढवलं, मागचं डावं खड्ड्यात सोडलं, आणि पुन्हा पट्टी लावली: एका बाजूला ३१, दुसऱ्या बाजूला ४६. दाजींना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

तर सगळे पाय हौद्यावर. लांब तंबूचं टोक केबिनवर पुढे आलं तर येऊ द्या, पण खाली निदान तळहाताच्या रुंदीएवढी मोकळी जागा ठेवा, कारण केबिन खालून हलणार आहे. रॅक त्याहून उंच घेऊ नका. केबिनच्या आडोशातून जेवढा तंबू वर डोकावतो तेवढं वारं खातो, आणि सत्तर किलो जितके वर तितकी गाडी वळणावर झुकते.

रॅकचे क्लॅम्प हौद्याच्या कडेला आवळताना खाली प्लॅस्टिकचा लायनर, म्हणजे हौद्याचं अस्तर, असेल तर क्लॅम्पपुरता कापून टाका. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसतं आणि तुम्ही जीव खाऊन आवळलेला क्लॅम्प आठवड्यात ढिला पडतो. नवा लायनर कापवत नाही हे मला माहीत आहे. कापा. तंबूच्या बुडाला बहुतेक ठिकाणी एम८ चे बोल्ट येतात, तेरा नंबरचा पाना लागतो आणि नट नायलॉकच, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप ढिले न होणारे वापरायचे. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडाच जोरात फिरवला तर मध्येच जाम होतो, मग ना पुढे ना मागे, म्हणून आट्यांना ग्रीसचं बोट लावा. आणि ताकद दाखवायला जाऊ नका, जास्त आवळल्यानेही चॅनेलचे ओठ उघडतात. आवळून झाल्यावर नटवरून ब्रॅकेटपर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर थांबून बघा, रेघ तुटली असेल तर नट फिरलाय. दाजी याला शाळकरी उद्योग म्हणतात. माझ्या रेघा मात्र जागच्या जागी आहेत.

भाराचं एकच सांगतो, बाकी तुम्हाला माहीत असेलच. रॅकवर लिहिलेला आकडा बहुधा गाडी चालू असतानाचा असतो, म्हणजे त्यात तंबू बसला पाहिजे, आत झोपणारी माणसं नाही. उभ्या गाडीवर रॅक त्याच्या कितीतरी पट सोसतो. पण बरेच रॅकवाले कच्च्या रस्त्यासाठी वेगळा, कमी आकडा देतात आणि तो बारीक अक्षरात असतो. तुमचा हिशेब त्याच आकड्याने करा.

आता हार्डशेल की सॉफ्टशेल. दाजींचं म्हणणं, हार्डशेल हे नवं खूळ, कापडी घडीचा तंबू घेतला असतास तर हे झालंच नसतं. नवं काय त्यात? इटलीची मॅजोलिना हार्डशेल १९५८ पासून आहे, तेव्हा दाजींचा जन्मही झालेला नव्हता. पण खरं सांगायचं तर त्यांच्या वाक्याचा दुसरा भाग चुकीचा नाही. सॉफ्टशेल मिटल्यावर साधारण निम्मा होतो, आखूड हौद्याच्या रॅकवर पूर्ण बसतो आणि केबिनचा प्रश्नच येत नाही. माणसंही जास्त मावतात. हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

तरी मी हार्डशेलवाला. दोन कड्या काढल्या की गॅसच्या दांड्यांवर टप वर जातो, मिनिटाच्या आत. सॉफ्टशेलचं कव्हर काढा, शिडी ओढून घडी उलटा, झडपांच्या काड्या अडकवा, आणि सकाळी पावसात हेच सगळं उलट्या क्रमाने करून ओल्या कव्हरची चेन ओढत बसा. कापड ओलं मिटलं तर कुठल्याही तंबूत बुरशी येते. घरी पोचल्यावर, फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून वाळवलाच पाहिजे. गादीखाली दव साचतं तेही वेगळं. त्यासाठी जाळीची पातळ चटई मिळते, ती घ्या.

शिडी कुठल्या बाजूला उतरते ते बोल्ट आवळण्याआधी बघा. आमची नेमकी फाळक्यासमोर उतरली. शिडी लागली की फाळका पडत नाही, आणि स्टोव्ह हौद्यात.

एक राहिलं. हे सगळं शिडीच्या चासीवाल्या पिकअपचं. होंडा रिजलाइन किंवा फोर्ड मॅव्हरिक यांच्यासारख्या गाड्यांत केबिन आणि हौदा एकाच सांगाड्याचे असतात, त्यांच्यात एवढा पीळ पडत नाही. तुमची तशी असेल तर वरचा निम्मा मजकूर तुमच्यासाठी नाही, कंपनीने छताला दिलेला आकडा बघा आणि त्यावर ठरवा. हौद्यावर फायबरचं टपरं असेल तर त्याचाही आकडा वेगळा असतो आणि पुष्कळदा तो फारच कमी निघतो.

आणि हो, गाडी कुठली, केबिन सिंगल की डबल, हौद्याची आतली लांबी किती, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, मग तंबूचं नीट सांगता येईल.