‘नेझेम’ म्हणजे नथ की कर्णफूल?

हिब्रू बायबल वाचायला घेतल्यावर तुम्ही पहिल्याच आठवड्यात ‘नेझेम’ या शब्दावर अडलात, छान झालं. हिब्रू शब्द कसा वाचायचा ते हाच शिकवतो.

नेझेम म्हणजे कडी. नाकातली की कानातली, हे शब्द सांगत नाही. शेजारी आलेला अवयव सांगतो. बायबलमधल्याच तीन जागा पाहा.

- उत्पत्ती २४:४७ मध्ये रिबेका या तरुणीच्या ‘आफ’वर म्हणजे नाकात घातलीय, तिथे नथ.
- निर्गम ३२:२ मध्ये ‘ओझेन’ म्हणजे कान आहे. सोन्याच्या वासराची मूर्ती घडवायला गेल्या त्या कानातल्या कड्या.
- शास्ते ८:२४ मध्ये अवयवच नाही. तिथे ‘कडी’ म्हणून सोडून द्या, ओढूनताणून नाक-कान शोधू नका.

नवखे दोन ठिकाणी हमखास घसरतात. एक, नथ म्हटलं की डोळ्यांसमोर मोत्यांची पेशवाई नथ येते. ही साधी सोन्याची कडी. रिबेकेची मात्र चांगली वजनदार, एक ‘बेका’ म्हणजे अर्धा शेकेल (शेकेल हे जुनं हिब्रू वजन), साधारण साडेपाच ग्रॅम. आपल्या जुन्या हिशेबात जवळजवळ अर्धा तोळा! दुसरं, लगेच शब्दाचा धातू, म्हणजे मूळ क्रियारूप, उकरायला बसतात. तूर्त नको.

आता नीतिसूत्रे ११:२२ उघडा. तिथे नेझेम डुकराच्या नाकात आहे. ‘आफ’ स्वतः शोधून काढा.