जर्सीचा मेल २२ सप्टेंबरचा आहे, पण तो कुणाला गेला?

प्रश्न : मी कोल्हापुरातून व्यावसायिक सायकल संघ चालवतो. काँटिनेंटल, म्हणजे व्यावसायिक संघांतल्या तिसऱ्या दर्जाची नोंदणी आहे, आशियातल्या स्पर्धांत उतरतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका उद्योजकाशी असलेला दोन वर्षांचा स्पॉन्सरशिप करार ३१ डिसेंबरला संपतो. 'संघाने ३० सप्टेंबरपर्यंत लेखी कळवल्यास त्याच रकमेत आणखी एक वर्ष' असं त्यात कलम ९ आहे. रक्कम वर्षाला ६० लाख. सप्टेंबरात साहेब भेटले तेव्हा म्हणाले, 'करूया की, काळजी कशाला करतोस.' त्या भरवशावर ११ रायडर्सशी पुढच्या हंगामाचे करार केले. १२ नोव्हेंबरला त्यांचा मेल आला, मुदतवाढ नाही. त्यांच्यावर दावा लावता येईल का? शिवाय दोन जुने रायडर दुसऱ्या संघात चालले आहेत. करार संपल्यावर एक वर्ष दुसरीकडे जाता येणार नाही असं त्यांच्या करारात आहे. त्यांना थांबवता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं 'साहेबांनी शब्द दिला होता' हे सांगण्यात गेली आहेत. माझ्या कामाची ओळ एकच, आणि ती तुम्ही तिसऱ्या पानावर जाता जाता लिहिली आहे : '२२ सप्टेंबरला नवीन जर्सीचं डिझाइन मेल केलं होतं, त्यांच्या मार्केटिंगवाल्यांनी लोगो मोठा करायला सांगितला.' तुमची केस आहे ती या ओळीत.

असे प्रश्न मला दरवर्षी दिवाळीनंतर येतात. पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ असो, कुस्तीचं मैदान भरवणारं मंडळ असो, कबड्डीचा संघ असो, गोष्ट तीच. पैसे देणारा तोंडी 'हो' म्हणतो, घेणारा कागद पुढच्या आठवड्यावर ढकलतो, आणि मुदत निघून गेली की सगळे वकिलाकडे येतात. जानेवारी २०२६ मध्ये पुण्याला ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली तेव्हापासून सायकलवाल्यांचीही पत्रं त्यात आली आहेत. म्हणून तुमचं उत्तर जरा सविस्तर देतो.

कलम ९ हा तुम्हाला एकट्याला दिलेला हक्क आहे. साहेबांच्या मर्जीचा त्यात प्रश्नच नव्हता. तुम्ही वेळेत लेखी कळवलं असतं तर त्यांना नाही म्हणता आलं नसतं. इतका मोठा हक्क एकतर्फी मिळतो तेव्हा कायदा त्याची मुदत काटेकोर पाळायला लावतो. सर्वोच्च न्यायालयाने कॅल्टेक्स कंपनीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. तिथे भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचा हक्क होता आणि कंपनीने मुदत उलटल्यावर कळवलं. न्यायालयाने सांगितलं की अशा हक्कात वेळ हाच कराराचा गाभा असतो. अपघात, फसवणूक किंवा समोरच्याचं अन्याय्य वागणं अशी खास कारणं असली तरच उशीर माफ होतो. 'कामात होतो', 'त्यांच्यावर विश्वास होता' ही त्यातली कारणं नव्हेत. भाडेपट्ट्याचा निकाल स्पॉन्सरशिपला जसाच्या तसा लागू होत नाही, असं म्हणायला थोडी जागा आहे. पण त्या जागेवर मी ६० लाखांचा दावा उभा करणार नाही.

तेव्हा ३० सप्टेंबरच्या आत तुमच्याकडून लेखी काही गेलं होतं का, एवढाच प्रश्न उरतो.

तुम्ही पाठवलेली त्या मेलची प्रिंट मी भिंग घेऊन वाचली. मजकूर असा आहे : 'पुढच्या वर्षी आपण सोबत आहोतच, तेव्हा नवीन हंगामाच्या जर्सीचा नमुना जोडला आहे. ५ ऑक्टोबरला छपाईला द्यायचा आहे.' तीन दिवसांनी उत्तर आलं : 'छातीवरचा लोगो २ सेंटीमीटर मोठा हवा, बाहीवर नवीन लोगो घ्या, फाइल जोडली आहे.' मुदतवाढ हा शब्द दोन्हीकडे नाही. तो असलाच पाहिजे असंही नाही. करार पुढे चालू ठेवायचा आहे हे वाचणाऱ्याला निःसंदिग्धपणे कळलं पाहिजे, एवढीच कसोटी. 'सोबत आहोतच' म्हणणारा माणूस नवीन हंगामाची जर्सी पाठवतो आणि समोरचा त्यावर लोगोची मापं देतो. यातून दुसरा अर्थ काढायला त्यांच्या वकिलाला कष्ट पडतील.

आता खरी अडचण. कलम १७ म्हणतं की कराराखालची प्रत्येक सूचना संचालकांच्या नावे, रजिस्टर पोस्टाने किंवा करारात दिलेल्या ई-मेल पत्त्यावर गेली पाहिजे. तुमचा मेल मार्केटिंग विभागाच्या पत्त्यावर गेला आहे. संचालकांचा पत्ता 'सीसी'मध्ये होता का? तुमच्या प्रिंटमध्ये पत्त्याच्या दोन ओळी नीट आलेल्या नाहीत. पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसते, 'टू'ची ओळ अर्धी दिसते, 'सीसी'ची ओळ आलेलीच नाही. ज्या ओळीवर ६० लाख अवलंबून आहेत ती ओळ प्रिंटरने खाल्ली, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आज संध्याकाळी लॅपटॉप उघडा आणि ती ओळ बघा.

संचालकांचा करारातला पत्ता त्या ओळीत असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. मुदतीच्या आठ दिवस आधी, लेखी, योग्य पत्त्यावर सूचना गेली, असं आपण ठामपणे मांडू शकतो.

तो नसेल, तर लढाई अवघड होते, पण संपत नाही. मार्केटिंगच्या माणसाला कंपनीच्या वतीने बोलायचा अधिकार होता का, गेल्या दोन वर्षांत कराराची इतर कामं याच पत्त्यावरून झाली का, बिलं त्याच पत्त्यावर जाऊन पैसे आले का, हे सगळं दाखवावं लागेल. तसं असेल तर कलम १७ दोन्ही बाजूंनी कधी पाळलंच गेलं नाही, असं म्हणता येतं. न्यायालय ते किती मानेल, हे मी आज सांगत नाही.

४ ऑक्टोबरच्या तुमच्या 'साहेब, पुढच्या वर्षाचं नक्की समजतो' या व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा अंगठा आला, त्याला तुम्ही फार महत्त्व दिलं आहे. तो ३० तारखेनंतरचा आहे. करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ज्याच्या बाजूने मुदत आहे तो ती वाढवून देऊ शकतो, आणि अंगठा म्हणजे तशी वाढ, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण 'करारातला कोणताही बदल लेखी आणि दोघांच्या सहीने' असंही तुमच्याच करारात आहे. अंगठा आधाराला ठेवा, भार जर्सीच्या मेलवर टाका.

१४ नोव्हेंबरला तुम्ही त्यांना पाठवलेला मेसेज मात्र मला झोंबला. 'तारीख माझ्या लक्षातून गेली, चूक माझी, पण सांभाळून घ्या.' समोरचा वकील पहिल्या दिवशी हाच दाखल करणार. नाही म्हणणारा मेल आल्यावर दोन दिवसांत, कुणालाही न विचारता, स्वतःविरुद्ध पुरावा लिहून द्यायची काय घाई होती? आता त्याचं उत्तर इतकंच : तुम्ही औपचारिक पत्र राहिल्याचं कबूल केलंत, मेल पाठवला नाही असं कुठेही म्हटलं नाहीत. ही भूमिका टिकण्यासारखी आहे. पण यापुढे स्वतःहून त्यांना एक अक्षरही पाठवायचं नाही. फोनवरही 'बघा की साहेब' नको.

फोनवरून आठवलं, मोबाइल बदलू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप पुराव्यात आणायचे तर त्या अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन, मूळ मेलबॉक्स जागेवर असला की ते काम सोपं जातं. स्क्रीनशॉट काढून जुना फोन विकलेले अशील मी पाहिले आहेत.

'शुभेच्छा म्हणून' १५ लाख देतो आणि सोबतच्या पत्रावर सही करा, असं ते म्हणाले आहेत. पत्रात 'यापुढे कोणतंही देणं शिल्लक नाही' अशी ओळ आहे. सही केलीत की विषय संपला. पैसे नाकारा असं मी म्हणत नाही. पण आधी 'टू' आणि 'सीसी'च्या ओळी बघा. तिथे संचालकांचा पत्ता निघाला तर १५ लाख फारच कमी आहेत. नसेल, तर हीच रक्कम वाढवून घेऊन मिटवण्याचा विचार मी तुमच्या जागी गंभीरपणे केला असता.

कारण कोर्ट. तुमच्या करारात लवादाचं कलम नाही, म्हणजे व्यावसायिक न्यायालय. तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठाम सांगितलं आहे. त्याला तीन महिने, संमतीने आणखी दोन. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल घेऊन लवकर सुटता येतं. मग दावा, मग त्यांच्या कैफियतीला कमाल १२० दिवस. एवढ्यात तुमचा पुढचा हंगाम रस्त्यावर सुरू होऊन अर्धा संपलेला असेल, आणि पुरावा अजून सुरूही झालेला नसेल. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, त्यासाठी आम्ही वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मुंबईची फेरी वाचली. पण खालच्या कोर्टातली तारीख त्याने लवकर पडत नाही. सायकलचा हंगाम कोर्टासाठी थांबत नाही, आणि कोर्टाला हंगाम म्हणजे काय हे समजावण्यातच माझ्या दोन तारखा जातील.

दाव्यात काय मिळेल? जास्तीत जास्त नुकसानभरपाई. स्पॉन्सरला जबरदस्तीने वर्षभर सोबत ठेवायचा हुकूम मिळेल असं मला वाटत नाही, विशेषतः त्यांना नोटीस देऊन करार संपवायचा हक्क असेल तर. ते कलम तुम्ही पाठवलेल्या प्रतीत नाही, पानं ७ आणि ८ गायब आहेत. ती आणा. भरपाई मागायची तर करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे तुम्ही नुकसान कमी करण्यासाठी काय केलं हेही बघितलं जातं. म्हणून दुसरा स्पॉन्सर आजपासून शोधा, आणि कुणाला कधी भेटलात, काय उत्तर आलं याची वही ठेवा. सोबत वकिलामार्फत स्पॉन्सरला नोटीस पाठवा आणि तीत 'हक्क राखून' हे शब्द घाला. नोटीस या आठवड्यात, पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि करारातल्या ई-मेल पत्त्यावर, दोन्हीकडे.

दोन जुन्या रायडर्सना थांबवता येणार नाही. करार संपल्यानंतर दुसरीकडे जाण्यास बंदी करणारं कलम करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे रद्दबातल आहे. २००६ मध्ये झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, करार संपल्यानंतर 'आधी आम्हाला विचार' म्हणणारा, त्याचे जाहिरात करार सांभाळणाऱ्या कंपनीचा हक्कसुद्धा मानला नाही. यूसीआयचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचे नियमही करार संपला की रायडर मोकळा, हेच सांगतात. ३१ डिसेंबरपर्यंत ते तुमचे आहेत, तोवर दुसऱ्या संघाची जर्सी घालून उतरले तर तक्रार करा. त्यापुढे त्यांना धमकीची पत्रं पाठवू नका. सायकली परत येईपर्यंत डिसेंबरचा पगार अडवायचा विचारही सोडा. सायकलची यादी करून, फ्रेमचे नंबर लिहून, सही घेऊन परत घ्या आणि पगार वेळेवर द्या.

आता ते ११ जण. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आहेत, मला मात्र त्यांचीच जास्त काळजी आहे. स्पॉन्सर गेला म्हणून त्यांचे करार आपोआप संपत नाहीत. 'स्पॉन्सरशिप मिळाल्यास' अशी अट त्या करारांत घातली आहे का? तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे बहुधा नाही. मग पगाराचं देणं तुमच्या कंपनीचं आहे. यूसीआयने किमान वेतन वर्ल्ड टीम आणि प्रो टीम या वरच्या दोन दर्जांना घालून दिलं आहे, काँटिनेंटलला नाही. त्यामुळे करारात लिहिलेला आकडा एवढाच त्या पोरांचा आधार. नोंदणीसाठी देशाच्या सायकल महासंघाकडे जी बँक हमी द्यावी लागते ती त्यांच्याच थकबाकीसाठी असते. ती वटवली गेली तर कोर्ट सहसा मध्ये पडत नाही, आणि बँक तुमच्याकडून वसूल करते. हमीच्या कागदावर तुमच्या राहत्या घराचं तारण आहे का, हे घरच्यांना माहीत आहे का?

त्या ११ जणांना खरं काय ते या आठवड्यात सांगा, एकत्र बसवून, आणि लेखी. 'बघतोय, होईल' म्हणत जानेवारी उजाडला तर इतर संघांच्या जागा भरलेल्या असतील आणि त्यांचं वर्ष जाईल. ज्यांना दुसरीकडे जागा मिळते त्यांना परस्पर संमतीने, दोघांच्या सहीने मोकळं करा. तसा एकेक कागद झाला की तुमचं देणंही तेवढं कमी होतं.

सगळ्यात धाकटा, राधानगरीकडचा १९ वर्षांचा, ज्याने तुमच्या भरवशावर दुसऱ्या संघाची निवड चाचणी सोडली असं तुम्ही लिहिलं आहे, त्याला मात्र बैठकीची वाट बघायला लावू नका. आजच फोन करा. त्या संघाच्या व्यवस्थापकाशी तुम्ही स्वतः बोला, चाचणी चुकली ती तुमच्या करारामुळे असं पत्र द्या, आणि त्याला पुन्हा एकदा बोलवायची विनंती करा. मग मेलची पूर्ण प्रिंट आणि पानं ७, ८ घेऊन तुमच्या वकिलाकडे जा.