पहिला संगणक ग्राफिक्स कार्डाशिवाय घ्या, पण त्याची जागा राखून

तुम्ही लिहिले आहे की मुलगा यंदा नववीत गेला आहे, त्याला शाळेचे प्रकल्प, थोडे पायथनचे प्रोग्रामिंग आणि सुट्टीच्या दिवशी माइनक्राफ्ट व व्हॅलोरंट हे खेळ यांसाठी पहिला संगणक हवा आहे, आणि मॉनिटर धरून तुमची मर्यादा पंचेचाळीस हजारांची आहे. ठाण्यातल्या एका दुकानाने दोन कोटेशने दिली आहेत. पहिल्यात ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ असून ते अठ्ठावीस हजारांचे आहे. दुसऱ्यात एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, आणि तरीही ते मर्यादेच्या थोडे वर जाते. कमी पैशांत जास्त मिळत असताना महागडे का घ्यावे, असा तुमचा प्रश्न आहे.

मी ऐरोलीत राहतो आणि गेली दहा-बारा वर्षे नात्यातल्या व सोसायटीतल्या मुलांचे संगणक जोडून देत आलो आहे. माझे मत निःसंशय दुसऱ्या कोटेशनच्या बाजूने आहे.

पहिल्या कोटेशनमध्ये ‘आय-सेव्हन’ एवढेच लिहिले आहे आणि त्यापुढचा आकडा लिहिलेला नाही. तो दुकानदाराकडून लिहून घ्या. त्या आकड्यावरून प्रोसेसरची पिढी कळते : २६०० असेल तर दुसरी, ३७७० असेल तर तिसरी, आणि ही तिसरी पिढी २०१२ साली आलेली आहे. या भावात मिळणारे आय-सेव्हन बहुधा कार्यालयांतून निघालेल्या जुन्या यंत्रांतले असते आणि ते एच६१ जातीच्या नव्याने बनवलेल्या स्वस्त मदरबोर्डवर (सगळे भाग जोडले जातात त्या पाटीवर) बसवून दिले जाते. बाहेरून सगळे नवे दिसते, म्हणून फसगत होते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरांवर चालते. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटची सुरक्षा प्रणाली टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सुरू होताना प्रणाली तपासणारे सिक्युअर बूट या दोन्ही गोष्टी मागते, आणि इतक्या जुन्या यंत्रांत त्या बहुधा नसतात. म्हणजे ज्या खेळासाठी मुलगा संगणक मागतो आहे, तोच त्यावर सरळ मार्गाने चालणार नाही.

आता ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. याविषयी मी सविस्तर लिहितो, कारण माझ्या पाहण्यात पालकांचे सर्वाधिक पैसे याच एका शब्दावर वाया गेले आहेत. कार्डावर किती मेमरी आहे यापेक्षा ती किती वेगाने वाचता येते आणि कार्डाची मूळ चिप कोणती आहे, हे महत्त्वाचे असते. या किमतीत सहसा जीटी ७३० हे कार्ड दिले जाते. ते २०१४ सालचे आहे, आणि त्याच्या ६४ बिटांच्या डीडीआर३ आवृत्तीत मेमरीचा वेग सेकंदाला सुमारे १४ जीबी एवढाच आहे. याउलट ५६००जी प्रोसेसरच्या आतच व्हेगा ७ नावाचे ग्राफिक्स असते. ते संगणकाचीच रॅम वापरते, आणि डीडीआर४ ३२०० रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या की तो वेग कागदावर सेकंदाला सुमारे ५१ जीबी होतो. म्हणून ‘कार्ड नसलेला’ संगणक ‘चार जीबीचे कार्ड’ असलेल्या संगणकापेक्षा खेळात पुढे जातो. व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट हे दोन्ही त्यावर १०८० रेषांच्या चित्रात, सेटिंग खाली ठेवून, व्यवस्थित खेळता येतात. जीटी ७३० सारख्या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर येणे २०२१ नंतर थांबले आहे, ही गोष्टही दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

मात्र ५६००जी घेताना एका अक्षराकडे लक्ष द्यावे. ५६०० आणि ५६००एक्स हे त्याच घराण्यातले, सहा कोअरचेच प्रोसेसर आहेत, पण त्यांच्या आत ग्राफिक्स नाही, आणि वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. जी किंवा जीटी हे शेपूट हवेच. इंटेलच्या बाबतीत हे उलट आहे : आय-थ्री १२१०० मध्ये ग्राफिक्स आहे आणि १२१००एफ मध्ये नाही. आय-थ्री १२१०० अभ्यासासाठी उत्तम आहे, पण त्याच्या आतले ग्राफिक्स खेळांसाठी व्हेगा ७ पेक्षा बरेच अशक्त आहे, म्हणून तुमच्या मुलासाठी मी ते सुचवत नाही. प्रोसेसर ‘बॉक्स’ स्वरूपात मागा. त्याबरोबर पंखा येतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ‘ट्रे’ स्वरूपातला, म्हणजे खोक्याशिवायचा, थोडा स्वस्त मिळतो, पण त्याची जबाबदारी फक्त दुकानदारावर राहते.

रॅमबद्दलचा निर्णय सर्वांत अवघड आहे. प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमवर जगते, म्हणून ८ जीबीच्या दोन पट्ट्या हे योग्य उत्तर आहे, १६ जीबीची एक पट्टी नव्हे. एकच पट्टी लावली तर तो ५१ चा आकडा निम्म्यावर येतो आणि खेळ अडखळतो. अडचण अशी की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा बराच माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळला आहे. तुमचे दुसरे कोटेशन मर्यादेबाहेर गेले आहे ते बहुधा याचमुळे. ओढाताण होत असेल तर मी पुढीलप्रमाणे करीन : आज ८ जीबीची एकच पट्टी घेईन आणि तिची कंपनी व मॉडेल क्रमांक लिहून ठेवून दिवाळीपर्यंत तशीच दुसरी आणीन. तोवर अभ्यास अडणार नाही, खेळ मात्र थोडा मंद चालेल, आणि हे मुलाला आधीच समजावून सांगावे. काही जण अशा वेळी ४ जीबीच्या दोन पट्ट्या सुचवतात. त्याने आज खेळ सुधारतो हे खरे, पण दोनच जागा असलेल्या मदरबोर्डवर त्या दोन्ही भरून जातात आणि उद्या त्या पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात. नववीतल्या मुलाच्या संगणकाला अजून चार-पाच वर्षे जायची आहेत, हे लक्षात घेता मला तो सल्ला पटत नाही.

मदरबोर्ड ए५२० जातीचा पुरेसा आहे, बी५५० मिळाला तर अधिक चांगले. त्यावर एचडीएमआयची जागा आणि एनव्हीएमई एसएसडीसाठी (माहिती साठवणाऱ्या वेगवान पट्टीसाठी) एम.२ ची जागा आहे ना, एवढे पाहावे. या किमतीतल्या बहुतेक मदरबोर्डांवर वायफाय नसते, ही गोष्ट घरी आल्यावर लक्षात येते. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर यूएसबीचा छोटा वायफाय ॲडॉप्टर त्याच वेळी घ्यावा. एसएसडी ५०० जीबीची, एनव्हीएमई. हार्ड डिस्क आत्ता नको.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, हा असा भाग आहे की त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि कोटेशनमध्ये त्याचे नावही नसते. ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ एवढेच लिहिलेले असते. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्यासाठी आम्ही एका दुकानातून तसाच संगणक घेतला होता. त्या एसएमपीएसवर ‘६०० वॅट’ असे छापलेले होते, पण हातात घेतल्यावर तो डबा रिकामा वाटावा इतका हलका होता. जूनच्या पहिल्या पावसात संध्याकाळी दोन-तीनदा लाईट गेली-आली आणि तो एसएमपीएस मदरबोर्डला बरोबर घेऊन गेला. जळालेला भाग वॉरंटीत बसत नाही, असे दुकानाने सांगितले. मुलाने महिनाभर खपून केलेला शाळेचा प्रकल्प त्या यंत्रात अडकून राहिला होता, आणि त्याचा त्या दिवशीचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी इतर सगळीकडे तडजोड करतो, पण इथे करत नाही. नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस ब्राँझ’ दर्जाचा, ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस वेगळा लिहून घ्यावा. ‘८० प्लस’ हा शिक्का विजेच्या कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेची पूर्ण हमी त्यात येत नाही, म्हणून कंपनी आणि वॉरंटीची वर्षे दोन्ही पाहावीत. ५६००जीचा कागदोपत्री भार ६५ वॅटचा आहे, त्यामुळे आज एवढ्या शक्तीची गरज नाही. पण दोन वर्षांनी मुलाला खरोखरीचे ग्राफिक्स कार्ड हवे असेल, तेव्हा त्या कार्डासाठीची सहा अधिक दोन पिनांची वायर याच एसएमपीएसमधून यायची आहे. मी जागा राखून ठेवा म्हणतो ती हीच.

याला जोडूनच एक गोष्ट सांगतो. ठाण्यातल्या जुन्या इमारतींमध्ये कित्येक घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यात अर्थिंग नसते. तसे असेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या येतात, कारण एसएमपीएसच्या फिल्टरमधून जमिनीत जायला हवी ती थोडीशी वीज पत्र्यावरच राहते. संगणक आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ते एक सॉकेट तपासून घ्या. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल, पण पावसाळ्याआधी जरूर घ्या.

मॉनिटर २२ किंवा २४ इंचांचा, फुल एचडी, आयपीएस पडद्याचा घ्यावा, आणि त्यात पैसे वाचवू नयेत, कारण संगणकातले भाग बदलले तरी मॉनिटर तोच राहतो आणि मुलाचे डोळे तासन् तास त्यावरच असतात. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची असावी. काचेची आणि रंगीत दिव्यांची कॅबिनेटे आपल्याकडच्या उकाड्यात आतली हवा कोंडतात. कीबोर्ड आणि माऊस साधे चालतील.

विंडोजच्या परवान्याचा खर्च कोटेशनमध्ये दिसत नसेल, तर दुकान चोरीची प्रत टाकून देणार असे समजावे आणि नको म्हणून सांगावे. विंडोजऐवजी वापरता येणारे लिनक्स मिंट किंवा उबुंटू विनामूल्य आहे. त्यावर पायथन, लिबरऑफिस आणि माइनक्राफ्टची जावा आवृत्ती उत्तम चालते. व्हॅलोरंट मात्र चालत नाही. परवान्याचे पैसे आज जमत नसतील तर काही महिने लिनक्सवर काढण्यात मुलाचे काहीच नुकसान नाही.

खरेदीसाठी एक दिवस मोकळा काढून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर जाऊन यावे. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडली की ग्रँट रोड स्थानकाबाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर बाजार आहे. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकाने बंद असतात. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव लिहिलेली यादी तीन दुकानांत दाखवून लेखी भाव घ्या, आणि तीच यादी तुमच्या ठाण्याच्या दुकानदारालाही दाखवा. फरक हजार-दीड हजारांचाच असेल तर मी ठाण्यातूनच घेईन, कारण काही बिघडले तर कॅबिनेट उचलून लोकलने दादर बदलत नेणे सोपे नाही. बिल जीएसटीचे, पक्के असावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक असावा. कच्च्या बिलात वाचलेले पैसे पुढे वॉरंटी मागताना गमवावे लागतात.

पैसे देण्याआधी दुकानातच संगणक सुरू करून घ्या, बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमला तिचा पूर्ण वेग देणारे एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करायला सांगा, आणि रॅमचा वेग ३२०० दिसतो आहे का ते मुलालाच पाहू द्या. ही सेटिंग केली नाही तर रॅम बहुधा २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते आणि घरी कोणाच्या ते लक्षातही येत नाही. रिकामे खोके फेकू नका. वॉरंटी केंद्रात कित्येकदा त्यांच्यावरचा क्रमांक मागतात. माळ्यावर तीन वर्षे राहू द्या.